थंड पाणी : माणसावर व जलचरांवर होणारे परिणाम

साधारणतः १५ अंश सेल्सिअसखालचे पाणी शरीराच्या दृष्टीने थंड मानले जाते. ठाणे खाडीचे पाणी ऐन जानेवारीतही इतके उतरत नाही. तरीही ठाणे-नवी मुंबईच्या पोहणाऱ्यांना हा विषय टाळता येत नाही. धरमतर ते गेटवे हे सुमारे ३६ किलोमीटर अंतर कापल्यावर अनेकांना इंग्लिश खाडी खुणावते, आणि तिथले पाणी भर उन्हाळ्यातही १५ ते १८ अंशांच्या आसपासच असते.

पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. थंड पाण्यात अचानक पडलेला माणूस आधी मोठा श्वास आत ओढतो. तो कितीही ठरवले तरी आवरत नाही. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असले, तर पाणी थेट फुप्फुसात जाते. पाठोपाठ धाप लागते, नाडी आणि रक्तदाब चढतो. माणूस गारठून मरतो अशी सर्वसाधारण समजूत आहे. पण घात बहुतेकदा त्याआधीच, पहिल्या दोन-तीन मिनिटांत होतो. त्या वेळी पोहायची घाई न करता, श्वास ताब्यात येईपर्यंत उताणे तरंगत राहणे हाच खरा बचाव. पुढच्या १० ते ३० मिनिटांत बोटे वळेनाशी होतात, दोर हाती येऊनही धरता येत नाही. पट्टीच्या पोहणाऱ्याचीही यातून सुटका नाही. शरीराचे आतले तापमान ३५ अंशांखाली जाणे, म्हणजे हायपोथर्मिया, बहुधा अर्ध्या तासानंतरच सुरू होतो. अशा माणसाला शक्यतो आडवेच बाहेर काढावे, कारण पाण्याचा दाब सुटताच रक्तदाब कोसळू शकतो. हातपाय चोळू नयेत आणि दारू तर मुळीच पाजू नये.

थोडा थोडा वेळ वारंवार थंड पाण्यात उतरल्याने पहिला धक्का सौम्य होतो. ही सवय खाडीच्या कोमट पाण्यात लागत नाही, त्यासाठी थंड पाणीच गाठावे लागते.

जलचरांचे गणित वेगळे आहे. पाणी जितके गार, तितका त्यात प्राणवायू जास्त विरघळतो: गोड्या पाण्यात १० अंशांना लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साधारण ७.५. खाऱ्या पाण्यात तो आणखी कमी असतो. त्यामुळे सांडपाण्याचा भार असलेल्या खाडीत माशांची घुसमट उन्हाळ्यात वाढते. ओहोटीला ऐरोली-वाशीच्या चिखलावर उड्या मारणारी निवटी मात्र ओल्या त्वचेतूनही श्वास घेते, म्हणून तिचे निभावते. त्याच चिखलात तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या रोहित पक्ष्यांच्या पायांत खाली जाणारे गरम रक्त वर येणाऱ्या गार रक्ताला ऊब देते, आणि शरीराची उष्णता पाण्यात वाया जात नाही.

गार पाणी म्हणजे भरपूर प्राणवायू, असे मात्र सरसकट नाही. पावसाळ्यात केरळ-कर्नाटक किनाऱ्याजवळ खोलातले गार पाणी वर येते. त्यातल्या पोषक द्रव्यांवर सूक्ष्म वनस्पती फोफावतात आणि तारली, बांगड्याला खाद्य मिळते. पण त्या पाण्यात प्राणवायू कमी असल्याने तळाचे मासे आणि कोळंबी तिथून हलतात.