लघुउद्योगाचा प्रकल्प अहवाल

लघुउद्योगाचा प्रकल्प अहवाल : उद्योगाला भांडवल किती लागेल, ते कुठून उभे राहील, माल किती निघेल, कोण घेईल आणि कर्ज कसे फिटेल, याचा आकड्यांत मांडलेला लेखी आराखडा. सोलापुरात गणवेश शिलाई, यंत्रमागावरील चादर-टॉवेल, शेंगा चटणी, कडक भाकरी अशा व्यवसायांसाठी बँकेत कर्ज मागताना किंवा जिल्हा उद्योग केंद्रामार्फत अनुदान योजनेत अर्ज करताना तो जोडावा लागतो. बहुतेक अहवाल बँकेसाठी म्हणून लिहिले जातात. खरे तर त्याचा पहिला उपयोग मालकालाच व्हायला हवा.

प्रवर्तकाची (उद्योग सुरू करणाऱ्याची) माहिती, जागा, उत्पादन आणि बाजारपेठ ही प्रकरणे दोन-तीन पानांत आटोपतात. बाजारपेठेबद्दल ‘मागणी भरपूर आहे’ असे लिहून काही साधत नाही. कोणते दुकानदार, महिन्याला किती किलो, कोणत्या दराने आणि किती दिवसांच्या उधारीवर माल घेतील, एवढे लिहिले तरी पुरे.

प्रकल्प खर्चात यंत्रे, वीजजोडणी, फर्निचर, सुरुवातीचा किरकोळ खर्च आणि खेळते भांडवल (कच्चा माल, साठा आणि उधारीत अडकून राहणारा पैसा) धरतात. यंत्राचे कोटेशन ताजे आणि जीएसटीसह असावे. वाहतूक व उभारणीचा खर्च त्यात आहे का, तेही पाहावे. अक्कलकोट रोड किंवा चिंचोळी औद्योगिक वसाहतीत भाड्याने गाळा घेताना अनामत रक्कम आणि वीजभार वाढवण्याचा खर्च हमखास सुटतो.

उत्पादन खर्च काढताना चूक होते ती घटीत. शेंगदाणे भाजून साल काढली की १०० किलोंचे साधारण ९० किलोच उरतात. समजा, चटणी दुकानदाराला ३०० रुपये किलोने दिली आणि कच्चा माल, पॅकिंग, मजुरी मिळून किलोला २१० रुपये लागले, तर हाती ९० रुपये राहतात. भाडे, पगार, हप्ता असा स्थिर खर्च महिना ३६,००० असेल, तर ४०० किलो विक्रीला ना नफा ना तोटा. घट धरायची राहिली आणि खर्च किलोमागे १५ रुपयांनी वाढला, तर हाच बिंदू ४८० किलोंवर जातो. शिवाय दाण्याचे तेल सुटून चटणी खवट होते, त्यामुळे दुकानातून परत येणाऱ्या मालासाठी वेगळी तरतूद लागते.

अहवालाचा खरा कस लागतो खेळत्या भांडवलात. एका महिन्याचा खर्च लिहून मोकळे होण्याची पद्धत आहे, आणि उद्योग अडतात ते इथेच. गणवेश शिलाईच्या छोट्या युनिटचे उदाहरण घेऊ : महिन्याची विक्री ४ लाख, खर्च ३.४० लाख, त्यात कापड २.२० लाख. एक महिन्याचा कापडसाठा २.२० लाख, अर्धवट व तयार माल अर्ध्या महिन्याच्या खर्चाइतका १.७० लाख, गिऱ्हाइकांकडे अडकलेली दोन महिन्यांची उधारी खर्चाच्या दराने ६.८० लाख, एकूण १०.७०. कापड व्यापाऱ्याने महिन्याची उधारी दिली तर २.२० वजा, म्हणजे ८.५० लाख. अहवालात ३.४० लाख लिहिले असतील तर ५.१० लाख कमी पडतात आणि मालक ते खासगी सावकाराकडून उचलतो. गणवेशात आणखी एक अडचण आहे. माल जूनपूर्वी तयार लागतो, म्हणून कापड व मजुरी हिवाळा-उन्हाळ्यात जाते आणि पैसे शाळा उघडल्यावर येतात. वर्षाची बेरीज जुळली तरी महिनावार रोख आवक-जावक तक्ता कोरा ठेवू नये. एप्रिल-मेच्या रकान्यात खड्डा दिसायलाच हवा. लघुउद्योगांना बँका साधारणपणे अंदाजित वार्षिक विक्रीच्या २० टक्क्यांपर्यंत कॅश क्रेडिट (ठरलेल्या मर्यादेत लागेल तसे उचलायचे आणि भरायचे कर्ज) देतात आणि ५ टक्के मालकाने घालावे लागतात. ४८ लाखांच्या विक्रीवर ही मर्यादा ९.६० लाख होते. पण पहिल्या वर्षी बाराही महिने पूर्ण विक्री दाखवणारा तक्ता बँक मानत नाही. उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या उत्पादकाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत द्यावेत, असे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीचा २००६ चा कायदा सांगतो. व्यवहारात मात्र उधारी ६० दिवसांची धरलेलीच बरी.

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाच्या २०२१-२२ ते २०२५-२६ या काळाच्या नियमांत उत्पादन प्रकल्पाची मर्यादा ५० लाख, सेवेची २० लाख होती. जमिनीची किंमत प्रकल्प खर्चात धरता येत नसे. महिला उद्योजकाला शहरात २५, ग्रामीण भागात ३५ टक्के अनुदान आणि स्वतःचे ५ टक्के, असा हिशोब होता. १० लाखांच्या प्रकल्पात शहरातील अनुदान २.५० लाख, पण ते तीन वर्षे बँकेत ठेवीत अडकते. पहिल्या दिवसापासून हाती येणारी रोकड म्हणून ते दाखवणे ही सर्रास आढळणारी चूक.

परतफेडीची कुवत तपासताना निव्वळ नफा, घसारा (यंत्रांची वापराने दरवर्षी घटणारी किंमत) आणि मुदत कर्जाचे व्याज यांची बेरीज करून तिला वर्षाचा मुद्दलाचा हप्ता व व्याजाच्या बेरजेने भागतात. उत्तर दीडच्या वर असले की बँकेचे समाधान होते. चार-पाच आले तर विक्री फुगवली असल्याचा संशय येतो, आणि तो बहुधा खराच असतो. उत्पादनक्षमतेचा वापर पहिल्या वर्षी ६०, मग ७०, ८० टक्के धरण्याचा रिवाज आहे. तयार नमुन्यात फक्त नाव बदलून छापलेले अहवाल लगेच ओळखू येतात : एका पानावर दुसऱ्याच जिल्ह्याचे नाव राहते, किंवा यंत्रांची संख्या कामगारांच्या संख्येशी जुळत नाही. अशा वेळी व्यवस्थापक अर्जदाराला फक्त सुताचा किंवा कापडाचा आजचा दर विचारतो.