टायरच्या हवेचा दिवा लागलाय? सेन्सर बदलण्याआधी हे वाचा

"सेन्सर गेलाय, बदलून द्या," असं म्हणत गाडी आमच्या ठाण्यातल्या वागळे इस्टेटमधल्या दुकानात शिरते आणि आम्ही आधी हवेचं गेज काढतो. बहुतेक वेळा तिथेच उलगडा होतो. एका टायरला सात-आठ पीएसआय हवा कमी असते. ती भरली, रिसेट मारलं की गाडी बाहेर. सेन्सर विकला गेला नाही, एवढंच आमचं नुकसान. पण धडधाकट सेन्सर बदलून दिवा विझत नाही, आणि मग तेच गिऱ्हाईक दोन आठवड्यांनी तणतणत परत येतं. ते आम्हाला जास्त महाग पडतं. म्हणून हे पत्रक.

दिवा पिवळा असतो. आडव्या कापलेल्या टायरचं चित्र आणि मध्ये उद्गारचिन्ह. आमच्या एका गिऱ्हाइकाच्या आईंनी त्याला "मडकं" नाव ठेवलं, तेव्हापासून दुकानात सगळे मडकंच म्हणतात. पुढेही तोच शब्द येईल.

मडकं नुसतं पेटलंय की लुकलुकतंय?

फोनवर आमचा पहिला प्रश्न हाच असतो. गाडी चालू केल्यावर मडकं लागलं आणि स्थिर राहिलं, तर कुठल्यातरी टायरला हवा कमी आहे असं गाडी सांगतेय. ते मिनिट-दीड मिनिट लुकलुकलं आणि मग स्थिर झालं, तर बिघाड हवा मोजणाऱ्या यंत्रणेत आहे. अशा वेळी हवा बरोबर असेल किंवा नसेलही, गाडीला ते कळतच नाही. सेन्सरचा संशय घ्यायचा तो या दुसऱ्या प्रकारात. पहिल्या प्रकारात सेन्सर आपलं काम चोख करत असतो आणि आपण त्यालाच शिव्या घालत असतो.

स्टेपनी लावून आला असाल तर लुकलुकणं साहजिक आहे. बऱ्याच गाड्यांच्या स्टेपनीत सेन्सर नसतो. गाडी चौथ्या सेन्सरला हाका मारते आणि तो डिकीत पंक्चर होऊन पडलेला असतो. मूळ चाक परत चढवलं की थोडं चालवल्यावर ते आपोआप थांबतं. काही नव्या गाड्यांना मुळात स्टेपनीच नाही. टायर ट्यूबलेस असतील, हवेवर लक्ष ठेवणारी यंत्रणा असेल आणि पंक्चर दुरुस्तीचं किट दिलं असेल, तर साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीत स्टेपनी नसली तरी चालते, असा नियम केंद्र सरकारने २०२० मध्ये केला. अशा गाडीत मडक्याकडे काणाडोळा करणं जरा जास्तच धाडसाचं.

तुमच्या चाकात सेन्सर आहे तरी का?

हे ऐकून बरेच जण चमकतात. मीटरवर चारही चाकांचे वेगवेगळे आकडे दिसत असतील, तर चाकांत सेन्सर आहेत. आकडे नाहीत, फक्त मडकं आहे, आणि मेनूत किंवा बटणावर "रिसेट" किंवा "कॅलिब्रेट" आहे, तर बहुधा नाहीत. अशी गाडी एबीएसच्या (ब्रेक मारताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरवरून अंदाज बांधते. हवा कमी झाली की टायर किंचित दबतो, चाकाचा घेर घटतो आणि तेवढंच अंतर कापायला त्या चाकाला जास्त फेरे मारावे लागतात. गाडी हे फेरे मोजते. किती पीएसआय आहे हे तिला कधीच माहीत नसतं, फक्त "हे चाक बाकीच्यांच्या मानाने जास्त पळतंय" एवढंच कळतं. त्यामुळे चारही टायरची हवा महिनोनमहिने सारखीच उतरत गेली तर ती फसू शकते.

अशा गाडीत हवा भरल्यावर किंवा टायर बदलल्यावर, चाकांची अदलाबदल केल्यावर रिसेट मारावंच लागतं. पण हवा न भरता नुसतं रिसेट मारलं तर काय होतं? बसलेला टायर हाच बरोबर, असं आपण गाडीला शिकवतो. मडकं विझतं, हवा तेवढीच राहते. आमच्याकडे आलेल्या एका गाडीचं मडकं असं तीनदा विझवलेलं होतं. मागच्या डाव्या टायरला १९ पीएसआय निघाली, आणि टायरच्या दोन्ही कडा मधल्या भागापेक्षा बोटाला स्पष्ट गुळगुळीत लागत होत्या.

हवा कधी आणि कशी मोजायची

सकाळी, गाडी सोसायटीच्या पार्किंगमधून निघायच्या आधी. फार तर दोन-तीन किलोमीटर चाललेली चालेल. आकडा बघायचा तो ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर. टायरच्या कडेवर कोरलेला आकडा बघायचा नाही, ती टायर सोसेल ती कमाल मर्यादा आहे. स्टिकरवर पुढचे आणि मागचे आकडे वेगळे असू शकतात. माणसं आणि सामान भरून जायचं असेल तर त्याचा रकाना वेगळा असतो. कुठे ३३ लिहिलेलं असतं, कुठे २.३, कुठे २३०. घाबरू नका, पीएसआय, बार आणि किलोपास्कल या तीन मापांत ती एकच हवा आहे.

घोडबंदर रोडच्या गर्दीतून तासभर येऊन मोजलंत तर चार-पाच पीएसआय जास्त दिसणार. टायर तापला, हवा फुगली. ती काढू नका. आम्ही एवढंच लक्षात ठेवायला सांगतो: गरम टायरची हवा स्टिकरपेक्षा कमी दिसली तर ती नक्की कमी आहे, भरा. थोडी जास्त दिसली तर हात लावू नका, सकाळी परत मोजा.

याच्या उलटा प्रकार थंडीत. डिसेंबरात महाबळेश्वरला पोचून सकाळी गाडी चालू केली की मडकं लागतं आणि "पंक्चर झालं" म्हणून धावपळ होते. हवेचं तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की टायरमधली हवा साधारण एक पीएसआयने उतरते. ठाण्यात दुपारी पंपावर जेमतेम भरलेला टायर पहाटेच्या गारठ्यात तीन-चार पीएसआय सहज गमावतो. त्यात टायर कुठलीही खोट नसताना महिन्याला एक-दोन पीएसआय सोडतच असतो. नायट्रोजन भरलाय म्हणून हा हिशेब बदलत नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि थंडीत दोन्ही सारखेच आकसतात. नायट्रोजन कोरडा असतो, थोडा सावकाश उतरतो, एवढंच. आम्ही तो विकतो, तरीही हे सांगतोय.

मडकं मुळात उशिरा लागतं. अमेरिकेत २००० साली कायदा झाला आणि सप्टेंबर २००७ पासूनच्या सगळ्या नव्या गाड्यांना ही यंत्रणा सक्तीची झाली. तिथल्या नियमात, हवा ठरलेल्या आकड्यापेक्षा २५ टक्के खाली आली की दिवा लागलाच पाहिजे असं आहे. म्हणजे ३३ च्या टायरला जेमतेम २५ उरेपर्यंत गाडी गप्प राहू शकते. युरोपात नोव्हेंबर २०१४ पासून सक्ती आहे आणि तिथली मर्यादा आणखी कडक आहे. गाडीगणिक हे बदलतं. महिन्यातून एकदा गेज लावणं काही सुटत नाही.

खरा सेन्सर आणि तो कसा मरतो

आता ज्यांच्या चाकात सेन्सर आहे त्यांच्यासाठी. व्हॉल्व्हच्या मुळाशी, रिमच्या आत, काडेपेटीएवढा काळा डबा बसवलेला असतो. आत हवेचा दाब मोजणारी चिप, बटण सेल आणि रेडिओ. आपल्याकडच्या गाड्यांत तो सहसा ४३३ मेगाहर्ट्झवर बोलतो. गाडी उभी असली की सेल वाचवायला झोपतो, चाक फिरायला लागलं की जागा होतो. त्यामुळे सकाळी पहिली दोन-चार मिनिटं आकड्याऐवजी रेघा दिसल्या तर तो बिघाड नव्हे.

सेल साधारण पाच ते दहा वर्षं टिकतो आणि तो डब्यात ओतीव रबराखाली बंद असतो. "सेल तेवढा बदला" हे जमत नाही, सेन्सरच बदलावा लागतो. एकाचा सेल गेला की बाकीचे तिघेही त्याच वयाचे असतात. मग चारही बदलायचे का? आमचं मत: टायर तसेही झिजले असतील तर चारही बदला, कारण टायर उघडण्याची मजुरी एकदाच लागते. टायर नवे असतील तर एकच बदला, बाकीचे जातील तेव्हा बघू.

सेलचं आयुष्य संपण्याआधी जे सेन्सर मरतात, त्यातले बहुतेक, टायर रिमपासून सोडवताना मोडतात. मशीनचं फावडं टायरची कड दाबतं, आणि ते नेमकं व्हॉल्व्हशेजारी आलं की डबा कटकन तुटतो. नवे टायर टाकले आणि दुसऱ्या दिवसापासून मडकं लुकलुकायला लागलं, चाक हलवलं तर आत काहीतरी खडखडतंय, तर हेच झालंय. आमच्याकडे किंवा कुठेही टायर उघडताना कारागिराला आधीच सांगा, "आत सेन्सर आहे, व्हॉल्व्हपासून लांब दाबा." यात काही कमीपणा नाही. काळ्या रबरी व्हॉल्व्हचे सेन्सरही असतात आणि ते बाहेरून ओळखू येत नाहीत.

दुसरं कारण म्हणजे पंक्चरचं औषध. बाटलीतून व्हॉल्व्हवाटे आत सोडतात ते घट्ट द्रव. मागच्या पावसाळ्यात एक गाडी आली, तीन चाकांचे आकडे ठीक आणि चौथं महिनाभर ३१ वर अडकलेलं, सकाळी ३१, रात्री ३१. टायर उघडला तर आतून सगळा हिरव्या गोंदाने माखलेला. सेन्सर पुसून टॉर्च मारला, तर हवा आत घेणारं टाचणीच्या टोकाएवढं भोक त्याच गोंदाने बुजलेलं. बिचारा महिनाभर आपल्याच पोटातली हवा मोजत होता. काही द्रव सेन्सरला चालतात असं बाटलीवर लिहिलेलं असतं. आम्ही तरी सांगू, दोरी किंवा मशरूम पॅचने पंक्चर काढा आणि औषध अगदीच अडलं तर वापरा. वापरलंत तर टायर उघडताना आम्हाला सांगा, सेन्सर वेळीच पुसला तर कधीकधी वाचतो.

तिसरं कारण खाडी. ऐरोली, वाशी, कोपरी, कळवा, खाडीकाठची कुठलीही सोसायटी घ्या. धातूच्या व्हॉल्व्हची दांडी ॲल्युमिनियमची असते. तिच्यात हवा अडवणारी साधी पितळी पिन घातली की खारट दमट हवेत दोन धातू एकमेकांना खातात आणि पिन आत जाम बसते. ही चूक पाच-सहा वर्षांपूर्वी आमच्याच हातून झाली आहे. ऐरोलीच्या एका गाडीला आम्ही साधी पिन आणि वर चमकदार धातूची टोपी लावून दिली. दीड वर्षाने टोपी फिरेना, पक्कड लावली तर दांडीच तुटून हातात आली. सेन्सर आम्ही पदरचा भरून दिला. तेव्हापासून अशा व्हॉल्व्हला निकेल चढवलेलीच पिन आणि प्लास्टिकची टोपी, आणि प्रत्येक वेळी टायर उघडला की रबरी सील, नट, पिन नवीन. बिलात हे सुटं लिहिलेलं दिसेल, कशाचं ते विचारू शकता.

खड्ड्यांवर मात्र उगाच आळ येतो. गायमुखच्या चढणीवर चाक दणकलं आणि मडकं लागलं, तर बहुधा रिमची कड वाकून हवा गळतेय. सेन्सर खरं बोलतोय.

बाहेरून लावायचे टोपीवाले सेन्सर

व्हॉल्व्हच्या टोपीच्या जागी बसणारे हे सेन्सर. जुन्या गाडीला चांगला उपाय, वाईट बोलण्यासारखं फार नाही. पण जुन्या, तडकलेल्या रबरी व्हॉल्व्हवर ते वजन लावू नका. वेगात व्हॉल्व्ह बाहेरच्या बाजूला झुकतो आणि मुळाशी फाटतो. आधी व्हॉल्व्ह बदला. हवा भरताना टोपी काढावी लागते, ती परत लावल्यावर साबणाचं पाणी टाकून बुडबुडे येत नाहीत ना ते बघा. आकडा मधूनच गायब होत असेल तर डॅशकॅमचा किंवा मोबाइलचा स्वस्तातला चार्जर काढून बघा. काही चार्जर रेडिओत गोंधळ घालतात आणि त्यावर दुरुस्ती फुकट असते.

रस्त्यात मडकं लागलं तर

जोरात ब्रेक मारू नका, झटक्याने वळवू नका. वेग हळूहळू कमी करा आणि सुरक्षित जागी बाजूला घ्या. मीटरवर आकडा डोळ्यांदेखत उतरत असेल तर पुढच्या पंपापर्यंत जाऊ या असा विचार करू नका. बसलेल्या टायरवर थोडं अंतर चाललं तरी कड आतून चिरडते. बाहेरून टायर चांगला दिसतो, उघडल्यावर आत ओंजळभर काळी भुकटी निघते. तो टायर मग पंक्चर काढूनही उपयोगाचा नसतो.

समृद्धी महामार्ग आता आपल्या जिल्ह्यातल्या आमण्यापासून थेट नागपूरपर्यंत ७०१ किलोमीटर झालाय आणि कारला १२० ची मर्यादा आहे. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकतो, वाकून तापतो, आणि तिथे त्याला थंड व्हायला सिग्नलसुद्धा मिळत नाही. निघायच्या दिवशी सकाळी चारही टायर मोजा, स्टेपनी असेल तर तीही. स्टेपनीत १२ पीएसआय असलेल्या गाड्या आम्ही बऱ्याच पाहिल्या आहेत.

आमच्याकडे येताना

हवा तपासायचे आम्ही पैसे घेत नाही. मडकं लुकलुकत असेल तर मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढून आणा, कारण दुकानाच्या दारात आल्यावर ते हमखास शहाण्यासारखं वागतं. टायर शेवटचा कधी उघडला होता, औषध टाकलं होतं का, चाकं पुढची मागे केली होती का, एवढं आठवून ठेवा. चाकं अदलाबदल केल्यावर मीटरला नवी जागा शिकवली नसेल तर ते मागच्या टायरची हवा पुढे दाखवतं आणि आपण भलत्याच चाकात भरत बसतो. आणि वागळेपर्यंत येता येता टायर तापलेले असतील, तेव्हा घरी गेज असेल तर निघायच्या आधीच चारही आकडे मोजून चिठ्ठीवर लिहून आणा.