हप्ता दोन हजारांचा, बॅग दोनशे सहासष्टची

पीएम-किसानचा हप्ता जमा झाला की गावभर कळतं. दोन हजार रुपये, वर्षातून तीनदा. २०२३ पासून राज्याची नमो शेतकरी योजना तेवढीच भर घालते, म्हणजे वर्षाचे बारा हजार. पण सरकार कास्तकारावर याहून मोठी रक्कम खर्च करतं आणि तिचा मेसेज कुणाच्याच मोबाइलवर येत नाही. कृषी केंद्रातल्या, विक्रीची नोंद घेणाऱ्या पॉस मशीनवर अंगठा टेकवला की तो पैसा खत कंपनीच्या नावे लागतो. युरियाची ४५ किलोची बॅग आपल्याला २६६ रुपये ५० पैशांना पडते. २०२३ मध्ये केंद्र सरकारने स्वतःच सांगितलेल्या हिशेबानुसार तिची खरी किंमत २,२०० रुपयांच्या आसपास आहे. फरक एकोणीसशेच्या वर. एका बॅगेत जवळजवळ एक हप्ता भरलेला असतो.

पाच एकर कपाशीला हंगामात सात-आठ बॅगा गेल्या, तर चौदा-पंधरा हजारांचं अनुदान त्या वावरात पसरलं. केंद्र आणि राज्य मिळून खात्यात टाकतात त्याहून जास्त. देशाचे आकडेही याच मापाचे आहेत. २०२२-२३ मध्ये, युक्रेन युद्धाने नैसर्गिक वायू महागला तेव्हा, खतांवरचं अनुदान अडीच लाख कोटींच्या घरात गेलं. पीएम-किसानवर वर्षाला साधारण ६० हजार कोटी जातात. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानाला मिळाले २,४८१ कोटी. ‘हवामान-अनुकूल शेती’ हा शब्द शासनाच्या कागदावर कितीदा येतो हे मोजण्यापेक्षा हे तीन आकडे शेजारी ठेवून बघावेत.

या बॅगेचं पुढे काय होतं, हा अर्थशास्त्राइतकाच मातीच्या विज्ञानाचा प्रश्न आहे, आणि वऱ्हाडाच्या काळ्या मातीत तो जरा वेगळा वागतो.

युरियात ४६ टक्के नत्र, म्हणजे नायट्रोजन, असतं. एका बॅगेत २०.७ किलो. ओल्या मातीत दाणा विरघळला की युरिएज नावाचं विकर काही दिवसांत त्याचं अमोनियम करतं. पहिली गळती इथेच लागते. आपली काळी माती चुनखडीची, तिचा सामू (पीएच) आठच्या आसपास. अशा अल्कधर्मी मातीत अमोनियमचा अमोनिया वायू होऊन उडायला वेळ लागत नाही, त्यात खत वरच्या वर फेकलं आणि पावसाने दडी मारली तर फारच. डवऱ्याच्या, म्हणजे कोळप्याच्या, फेऱ्याने युरिया मातीआड करायला जुनी माणसं सांगतात, त्यामागे हेच रसायनशास्त्र आहे. उरलेल्या अमोनियमचं जिवाणू नायट्रेट करतात. नायट्रेट पाण्यासोबत मुळाशी सहज येतं, पण तितक्याच सहज निसटतंही. २०१५ पासून देशातला सगळा युरिया कडुनिंबाच्या तेलाचा लेप देऊन येतो. युरियाची कारखान्यांकडे होणारी चोरी थांबावी हा त्यामागचा एक हेतू होता, पण कडुनिंबातली द्रव्यं नायट्रेट बनण्याची ही पायरी थोडी लांबवतात, हा खरा फायदा.

मग झड लागते. काळ्या मातीत चिकणकणांचं प्रमाण निम्म्याच्या वर असू शकतं आणि त्यातली स्मेक्टाइट गटातली खनिजं पाणी पिऊन फुगतात. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या पडलेल्या भेगा मिटतात, पाणी खाली मुरत नाही, वावर चिबडतं. मातीच्या पोकळ्यांतली हवा निघून जाते. ऑक्सिजन संपल्यावर काही जिवाणू नायट्रेटमधल्या ऑक्सिजनवर भागवतात. या क्रियेचं नाव डीनायट्रिफिकेशन. ती पायरी-पायरीने चालते: नायट्रेटपासून नायट्रस ऑक्साइड आणि शेवटी साधा नायट्रोजन वायू. वावर पूर्ण बुडालं तर बहुतेक नत्र शेवटच्या पायरीपर्यंत पोचतं आणि नायट्रोजन होऊन हवेत जातं. त्याने हवामानाचं काही बिघडत नाही, कास्तकाराच्या खिशाचं बिघडतं. पण मातीच्या पोकळ्या साधारण ६० ते ८० टक्के पाण्याने भरलेल्या असल्या की काम मधेच अडतं आणि नायट्रस ऑक्साइड सर्वांत जास्त निसटतो. तीन दिवस झड, दोन दिवस उघाड, पुन्हा झड, असा आपला जुलै-ऑगस्ट. त्यात युरिया टाकायला मजूर मिळतात तेही उघाडीतच.

नायट्रस ऑक्साइड म्हणजे दातांचे डॉक्टर भूल द्यायला वापरतात तो वायू. हवेत तो शंभराहून जास्त वर्षं टिकतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात एक किलो नायट्रस ऑक्साइड २७३ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीचा, म्हणजे आयपीसीसीचा, ढोबळ नियम असा: शेतात घातलेल्या नत्रापैकी एक टक्का या वायूच्या रूपात जातो. एका बॅगेसाठी हे गणित केलं तर सव्वातीनशे ग्रॅम वायू भरतो, म्हणजे सुमारे ८९ किलो कार्बन डायऑक्साइड. युरियाच्या रेणूतला कार्बनही मातीत कार्बन डायऑक्साइड होऊन मोकळा होतो, तो आणखी ३३ किलो. मिळून सव्वाशे किलोच्या जवळ, म्हणजे पन्नासेक लिटर पेट्रोल जाळावं तेवढं. कारखान्यात अमोनिया बनवताना जळलेला वायू यात धरलेलाच नाही.

एक टक्का ही सरासरी झाली. २०१९ मध्ये समितीने ती सुधारून कोरड्या हवामानाला अर्धा टक्का आणि ओल्या हवामानाला रासायनिक खतांसाठी १.६ टक्के असं विभागलं. उष्ण प्रदेशात ही रेघ वर्षाला १,००० मिलिमीटर पावसावर पडते. अकोला-बुलडाणा तिच्या अलीकडे, गोंदिया-गडचिरोली पलीकडे, आणि मधले जिल्हे साल बघून इकडे-तिकडे.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, नाहीतर लेखाचा अर्थ भलताच निघेल. कोरडवाहू कपाशी-सोयाबीनवाला या प्रकरणात गुन्हेगार नाही. भारताच्या एकूण हरितगृह वायूंत शेतीचा वाटा साधारण १४ टक्के, आणि त्यातही मोठा भाग गुराढोरांच्या रवंथातून आणि भातखाचरांतून येणाऱ्या मिथेनचा. खताचा नंबर त्यानंतर लागतो, आणि एकरी वापर बघितला तर पंजाबच्या बागायतदारापुढे यवतमाळचा कास्तकार कुठेच नाही. शिवाय भारताच्या हवामान उद्दिष्टांनी शेतकऱ्याकडे काही मागितलेलंच नाही. २००९ मध्ये कोपनहेगनच्या वेळी देशाने उत्सर्जन-तीव्रता, म्हणजे उत्पन्नाच्या प्रत्येक रुपयामागचं उत्सर्जन, घटवण्याचा शब्द दिला, तेव्हा शेती त्यातून स्पष्टपणे वगळली. २०२२ च्या सुधारित उद्दिष्टात २०३० पर्यंत तीव्रता २००५ च्या तुलनेत ४५ टक्क्यांनी कमी करायची आहे, पण कुठल्याही एका क्षेत्रावर बंधन नाही. २०२१ च्या जागतिक मिथेन करारातही आपण गेलो नाही. मला ही भूमिका चुकीची वाटत नाही. पोटासाठीचं उत्सर्जन आणि चैनीचं उत्सर्जन एकाच तराजूत घालू नये.

पण बंधन नाही म्हणून बिघडलेलं अनुदान ठीक ठरत नाही. हवेत गेलेलं नत्र पिकाला मिळालेलं नसतं. उत्सर्जन, सरकारचा वाया गेलेला पैसा आणि कास्तकाराची वाया गेलेली मजुरी, हे तिन्ही त्याच एका भोकातून बाहेर पडतात.

हे भोक रुंद झालं २०१० मध्ये. त्या वर्षी स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाशच्या (पोटॅशियम) खतांना पोषणद्रव्यानुसार ठरावीक अनुदान लागू झालं आणि त्यांच्या किमती बाजारावर सोडल्या. युरिया मात्र नियंत्रणात राहिला. बाकीची खतं महागली, युरिया तिथेच. मग ज्याला पालाश हवं तोही युरियाच नेतो, कारण परवडतो तोच. माती तपासून कुठलं खत किती घालावं ते सांगणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिका २०१५ पासून घरोघर आल्या, पण पत्रिकेवरच्या शिफारशीपेक्षा दुकानातला दर जास्त जोरात बोलतो. (त्यात युरियासोबत न मागितलेलं दुसरं औषध-खत गळ्यात मारायचं ‘लिंकिंग’ आहेच. तो वेगळ्या लेखाचा विषय.)

नुसता पैसा ओतून हवामान सुधारत नाही, हे युरोपने दाखवून दिलं आहे. युरोपीय संघाने २०१४ ते २०२० या काळात शेतीच्या सामाईक धोरणातले १०० अब्ज युरो हवामानाच्या नावाने खर्ची दाखवले. त्यांच्याच लेखापरीक्षकांनी २०२१ मध्ये अहवाल दिला की २०१० पासून शेतीतून होणारं उत्सर्जन घटलेलंच नाही. पैसे प्रामुख्याने जमिनीच्या क्षेत्रावर मिळत होते, आणि निचरा करून कोरड्या केलेल्या दलदलीच्या जमिनींवरही, ज्या स्वतःच कार्बन ओकतात. दुसऱ्या टोकाला श्रीलंका. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली, भाताचं उत्पादन कोसळलं आणि नोव्हेंबरात निर्णय गुंडाळावा लागला. जमिनीला नत्राचा दुसरा स्रोत उभा करून दिल्याशिवाय पहिला काढून घेता येत नाही.

विदर्भात तो दुसरा स्रोत आधीच वावरात उभा आहे. तूर. तिच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र पकडतात, मुळं खोल जातात आणि पाला गळून बराच भाग जमिनीला परत मिळतो. सोयाबीनही नत्र पकडतं, पण त्यातलं बहुतेक दाण्यात भरून बाजारात जातं. कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, वावरात परत गेलं तर थोडंफार राहतं. म्हणजे सोयाबीनमध्ये, कपाशीत तुरीची तासं घालायची आपल्याकडची रीत हा हवामान कार्यक्रमच आहे, कुठल्याही अनुदानाशिवाय चाललेला. आणि याच पिकाची आयात २०२१ मध्ये खुली केली गेली, २०२३ मध्ये तिच्यावरचं शुल्कही काढलं. २०२४-२५ चा हमीभाव ७,५५० रुपये होता. त्या हंगामात बाजारात तूर त्याखाली विकली गेली. नत्र विकत आणणाऱ्या बॅगेला एकोणीसशे रुपये, आणि नत्र फुकट बनवणाऱ्या पिकाला आयातीशी कुस्ती. एकाच सरकारचे दोन विभाग एकमेकांविरुद्ध इतक्या निष्ठेने काम करताना क्वचित दिसतात.

दुसरा उपाय निचऱ्याचा. रुंद वरंबा सरी, म्हणजे गावात ज्याला बीबीएफ म्हणतात ती पेरणी, झडीत जास्तीचं पाणी सरीतून काढून देते आणि खंड पडला की वरंब्यात ओल धरते. जागतिक बँकेच्या मदतीने २०१८ पासून राबवलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात तिच्यावर भर होता. तिथे तिचं कौतुक उत्पादन वाचवण्यासाठी झालं. पण वावर कमी चिबडलं तर डीनायट्रिफिकेशनला वावही कमी, हा फायदा हिशेबात क्वचितच धरला जातो.

मग कार्बनचे पैसे द्यावेत का? हल्ली कार्बन क्रेडिटची बोलणी गावोगाव पोचली आहेत. गणित मोहात पाडणारं आहे. एक एकरात वरच्या १५ सेंटिमीटरमध्ये साधारण ८०० टन माती असते. सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या काडीकचऱ्यातला कार्बन, ०.५ वरून ०.६ टक्के झाला तर ०.८ टन कार्बन साठला, म्हणजे जवळपास तीन टन कार्बन डायऑक्साइड. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, जाळण्याऐवजी कुट्टी करून जमिनीत घातली, शेणखत वाढवलं, तर काही वर्षांत हे घडू शकतं. पण तो ०.१ टक्का मोजायचा कसा? एकाच वावरात धुऱ्याजवळचा नमुना वेगळा, खोलगटातला वेगळा. प्रयोगशाळांत रूढ असलेली वॉकली-ब्लॅक पद्धत सगळा कर्ब पकडत नाही, एका ठरावीक गुणकाने तो अंदाजे भरून काढते. अचूक यंत्रात माती जाळून मोजावं, तर आपल्या मातीतल्या चुनखडीचा कार्बनही त्यात मिसळतो. आधी आम्ल घालून तो काढावा लागतो. आणि साठवलेला कर्ब चार वेळा रोटावेटर फिरवला की परत हवेत. म्हणून मोजलेल्या कर्बावर पैसे देण्यापेक्षा केलेल्या कामावर द्यावेत, असं मला वाटतं: तुरीची तासं, बीबीएफ, न जाळलेली पऱ्हाटी. ही कामं डोळ्यांनी दिसतात. ई-पीक पाहणीत २०२१ पासून शेतकरी वावरात उभा राहून पिकाचा फोटो टाकतोच आहे. मिश्र पिकाची नोंद तिथे होते.

केंद्राची २०२३ ची पीएम-प्रणाम योजना याच्या जवळ येते: राज्याने रासायनिक खत वाचवलं तर वाचलेल्या अनुदानाचा निम्मा भाग राज्याला. पण तो राज्याला. ज्याने बॅग कमी नेली त्याच्या खात्यात काही पडत नाही.

अर्थतज्ज्ञ वर्षानुवर्षं याहून मोठा बदल सुचवतात. युरियाची किंमत खरी होऊ द्या आणि अनुदान एकराप्रमाणे थेट शेतकऱ्याच्या खात्यात टाका. मग तो पैसा युरियावर घालवायचा की शेणखतावर, ते त्याचं तो बघेल. विज्ञानाच्या बाजूने हा बदल उत्तम. अडचण सातबाऱ्यावर आहे. विदर्भात कितीतरी जमीन मक्त्याने (ठरावीक भाड्याने) किंवा बटईने (पिकाच्या वाट्यावर) कसली जाते आणि व्यवहार तोंडी असतो, कारण कुळाचा हक्क लागेल या भीतीने मालक कागद करत नाही. पॉस मशीनवर अंगठा कुणाचाही चालतो, म्हणून आज मक्तेदाराला बॅग २६६ रुपयांना मिळते. अनुदान एकरावर गेलं, तर पाच एकर मक्त्याने करणाऱ्याला सात बॅगांसाठी दोन हजारांऐवजी पंधरा हजार मोजावे लागतील, आणि भरपाईचा मेसेज नागपूर-पुण्यात राहणाऱ्या मालकाच्या मोबाइलवर वाजेल.