टक्कर नाही, तरी कंडरा तुटली

११ फेब्रुवारी २०२४, लास वेगास. सुपर बोलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा अंतिम सामना रंगात आला होता. सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सचा ड्रे ग्रीनलॉ सीमारेषेबाहेरून मैदानात धावत निघाला आणि काही पावलांतच कोसळला. त्याला कुणाचा धक्काही लागला नव्हता, तरी पोटरीला टाचेशी जोडणारी अकिलीस कंडरा तुटली होती.

अमेरिकन फुटबॉलमधल्या दुखापती म्हणजे टकरींचा परिणाम, असं आपण धरून चालतो. त्यातूनच पुढचा हिशेब निघतो: सराव कमी केला की दुखापती कमी होतील. डोक्यावरच्या आघातांपुरतं हे खरं आहे. कंडरांचं गणित मात्र वेगळं आहे, आणि २०११ साली ते ठळकपणे दिसलं.

त्या वर्षी लीगचे संघमालक आणि खेळाडू यांच्यातला करार फिसकटला. १२ मार्च ते २५ जुलै टाळेबंदी होती. खेळाडूंना क्लबची व्यायामशाळा बंद आणि क्लबच्या प्रशिक्षकांशी संपर्कही बंद. समझोता होताच सराव शिबिरं सुरू झाली आणि पहिल्या १२ दिवसांत १० खेळाडूंच्या अकिलीस कंडरांना दुखापत झाली. एवढ्यावरून कारण सिद्ध होत नाही, पण टप्प्याटप्प्याने वाढणारा व्यायाम बुडाल्याने हे घडलं, हा संशय अभ्यासकांनी तेव्हाच व्यक्त केला. मलाही तो रास्त वाटतो, कारण कंडरेची घडणच तशी आहे.

अकिलीस कंडरा म्हणजे पोटरीचा स्नायू आणि टाचेचं हाड यांना जोडणारा, कोलेजन या प्रथिनाच्या धाग्यांचा पीळदार दोर. फिनलंडच्या पाव्हो कोमी यांनी धावणाऱ्या माणसाच्या कंडरेवरचा ताण प्रत्यक्ष मोजला. तो ९००० न्यूटनपर्यंत, म्हणजे शरीराच्या वजनाच्या सुमारे साडेबारा पट भरला. एवढं ओझं पेलणाऱ्या या दोरात पेशी थोड्या आणि रक्तपुरवठा तुटपुंजा असतो. स्नायू काही आठवड्यांत बळकट होतो, कंडरेला महिने लागतात. म्हणजे इंजिन आधी जोरदार होतं आणि दोर मागे राहतो.

किती मागे? १९५५ ते १९६३ दरम्यानच्या अणुचाचण्यांमुळे हवेतलं कार्बन-१४ (कार्बनचा किरणोत्सारी प्रकार) जवळजवळ दुप्पट झालं आणि पुढे हळूहळू उतरलं. अन्नातून ते प्रत्येकाच्या शरीरात गेलं. त्यामुळे एखाद्या ऊतीतलं कार्बन-१४ मोजलं की ती कधी घडली याचा अंदाज येतो. डेन्मार्कच्या संशोधकांनी हा हिशेब मांडला, तेव्हा स्नायूंत अलीकडचा कार्बन सापडला. अकिलीस कंडरेच्या गाभ्यात मात्र त्या माणसाच्या बालपणीचा आणि किशोरवयाचा कार्बन होता. साधारण सतराव्या वर्षानंतर तो गाभा फारसा बदलतच नाही! मग व्यायामाने कंडरेत फरक पडतो तो कसा? बहुधा कोलेजनचा एक छोटा भाग सतत मोडतो आणि नव्याने घडतो. जोरदार व्यायामानंतर पहिले २४ ते ३६ तास मोडतोड घडणीपेक्षा जास्त असते. भर पडते ती त्यानंतर. त्या आत पुन्हा तेवढाच ताण दिला, तर शिल्लक उणेच राहते.

म्हणूनच २०११च्या नव्या करारातलं एक कलम मला फार मोलाचं वाटतं. दिवसातून दोनदा पॅड (टकरींपासून बचावाचं संरक्षक साहित्य) चढवून सराव घेण्याची जुनी पद्धत त्याने बंद केली. ‘अंग मोडेपर्यंत घाम गाळल्याशिवाय खेळाडू घडत नाही’ ही समजूत मर्दानी वाटेल, शास्त्रीय नाही. आणि कंडरा ‘नव्याने बांधणाऱ्या’ कोलेजन पावडरींच्या जाहिरातींना तर भुलूच नये. गिळलेलं कोलेजन पचनात तुटतं; ते जसंच्या तसं टाचेत जाऊन बसत नाही.

२०२०मध्ये कोविडमुळे वसंतातला मैदानी सराव पुन्हा बुडाला. पण या वेळी लीग आणि खेळाडू संघटना यांनी टप्पे ठरवले: आधी फक्त शक्ती आणि दमसासाचे व्यायाम, मग पॅडशिवाय सराव, आणि पॅडसह सराव १७ ऑगस्टपासून. हंगामपूर्व सामने सगळेच रद्द झाले. दिशा योग्य होती, तरी हे टप्पे दिवसांत मोजलेले होते आणि कंडरेचा हिशेब महिन्यांचा आहे. दरवर्षी जूनच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत क्लबचा सराव थांबतो. खेळाडूंची ती सुट्टी हक्काची आहे, ती काढून घेऊ नये. पण त्या पाच-सहा आठवड्यांतही आठवड्यातून दोन-तीनदा धावण्या-उड्यांचा मोजका ताण पायांवर पडत राहील, अशी आखणी प्रत्येक खेळाडूच्या हाती द्यायला हवी.