लोलकातून प्रकाशाचं अपस्करण

काचेच्या तिकोनी लोलकातून, म्हणजे प्रिझममधून, पांढरा प्रकाश गेला की तो वळतो आणि रंगांमध्ये फाकतो, यालाच अपस्करण म्हणतात. पडद्यावर उमटतो तो पट्टा म्हणजे वर्णपंक्ती, तिचा क्रम तानापिहिनिपाजा म्हणून शाळेपासूनच पाठ असतो.

वळण्याचं कारण वेग. निर्वातात सेकंदाला जवळपास ३ लाख किमी जाणारा प्रकाश साध्या क्राउन काचेत १ लाख ९८ हजारांच्या आसपास येतो, आणि तिरपा शिरला तर दिशा बदलतो. काचेतले इलेक्ट्रॉन प्रकाशलहरीसोबत हलतात, त्यांची स्वतःची कंपनं अतिनील भागात येतात, म्हणून त्या भागाला जवळचा जांभळा जास्त मंदावतो आणि तांबडा कमी. अपवर्तनांक, म्हणजे निर्वातातला वेग काचेतल्या वेगाच्या किती पट, तांबड्याचा १.५१४, जांभळ्याचा १.५३०, एवढाच फरक! ६० अंशाच्या लोलकात किमान विचलनाला, म्हणजे प्रकाश कमीत कमी वळेल असा लोलक धरला की, तांबडा साधारण ३८.४ अंश वळतो, जांभळा ३९.८, म्हणजे सगळे रंग दीड अंशाच्या आत, ३ मीटरवरच्या भिंतीवर सातेक सेंटीमीटर. त्यामुळे प्रकाश आत येतो ती फट बारीक हवी आणि भिंत लांब, नाहीतर मधे पांढरं आणि फक्त कडांना रंग दिसतात. खिडकीच्या काचेतही रंग वेगळे होतातच, पण दोन्ही बाजू समांतर असल्याने बाहेर पडताना ते पुन्हा एकाच दिशेने जातात.

लोलकातले रंग न्यूटनच्या आधीही माहीत होते, फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने १६३७ मध्ये त्यावर लिहिलंय, पण तेव्हा काच प्रकाशात बदल करून रंग तयार करते असंच बहुतेक मानत. न्यूटनने लोलक नेमका कधी घेतला हा वाद जुना आहे. रॉयल सोसायटी या लंडनच्या विज्ञानसंस्थेला १६७२ मध्ये लिहिलेल्या पत्रात तो स्वतः १६६६ ची सुरुवात सांगतो, तर त्याच्या भाचजावयाने नोंदवलेल्या आठवणीत ऑगस्ट १६६५ आणि केंब्रिजजवळची स्टरब्रिजची जत्रा येते, पण त्या वर्षी प्लेगमुळे जत्रा भरली नव्हती असं अभ्यासक दाखवतात. काहींच्या मते पत्रातली सरळसोट हकीकत मागाहून नीट लावलेली आहे, आणि वहीतल्या टिपणांकडे बघता काम १६६४ ते १६६६ दरम्यान टप्प्याटप्प्याने झालं असावं हेच जास्त पटतं. तारीख काहीही असो, खरं मोल दुसऱ्या लोलकाचं. वर्णपंक्तीतला एकच रंग भोकातून घेऊन त्याने दुसऱ्या लोलकातून सोडला, तो वळला पण रंग बदलला नाही, म्हणजे रंग काचेने घातलेले नाहीत, आधीच प्रकाशात होते. सात हा आकडा मात्र निसर्गाने दिलेला नाही, न्यूटन आधी पाचच मुख्य रंग धरायचा, नारंगी आणि पारवा संगीतातल्या सप्तकाशी मेळ घालायला आले असं मानतात.

पावसाचा थेंबही हेच काम करतो, फक्त आत एक परावर्तन जास्त होतं, आणि सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेपासून तांबडा सुमारे ४२ अंशांवर दिसतो. सूर्य त्याहून वर असला की सपाट जमिनीवरून धनुष्य दिसत नाही. नागपूर २१.१ अंश अक्षांशावर, इथे डिसेंबरच्या शेवटीही भर दुपारी सूर्य ४५ अंशांवर असतो, त्यामुळे फुटाळा तलावावर उभं राहून दुपारी बारा वाजता इंद्रधनुष्य शोधू नये, कोणत्याच महिन्यात नाही. सकाळी पश्चिमेला किंवा संध्याकाळी पूर्वेला बघायचं.

नागपुरातलं गांधीसागर तलावाजवळचं रमण विज्ञान केंद्र (१९९२) ज्यांच्या नावाने आहे ते सी. व्ही. रमण १९१० मध्ये अर्थखात्याच्या नोकरीत काही काळ नागपुरात होते. १९२८ चा रमण परिणाम, म्हणजे पदार्थातून विखुरताना प्रकाशाच्या थोड्या भागाचा रंग बदलणं, त्यांनी कलकत्त्यात क्वार्ट्झ लोलकाच्या छोट्या वर्णपटलेखकाने, म्हणजे वर्णपंक्तीचा फोटो घेणाऱ्या यंत्राने, टिपला.