फणसाड, बोरिवलीच्या जंगलवाटा: नाशिककरांनी परवानगी कशी काढावी

अंजनेरी किंवा हरिहरच्या पायथ्याशी पावती फाडली की आपण चढायला मोकळे. हीच सवय घेऊन रायगड जिल्ह्यातले फणसाड अभयारण्य किंवा बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान अशा किनाऱ्याकडच्या जंगलात गेलेले नाशिकचे ग्रुप दारातून माघारी आलेले मी पाहिले आहेत. प्रवेशाचे तिकीट वेगळे आणि आतल्या पायवाटेची परवानगी वेगळी, हे आधी पक्के करून घ्या.

कोणाला जाता येते? वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या कलम 27 प्रमाणे अभयारण्यात परवान्याशिवाय शिरता येत नाही. कलम 28 खाली वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन आणि पर्यटन यांसाठी परवाना मिळतो. राष्ट्रीय उद्यानालाही हेच लागू. कायद्यात वयाची किंवा शिक्षणाची अट नाही. हेतू मात्र स्पष्ट लिहावा लागतो. पर्यटनाच्या परवान्यावर झाडपाल्याचे, किड्यांचे नमुने गोळा करता येत नाहीत. संशोधनाची परवानगी वेगळी असून ती राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडून, म्हणजे नागपूरहून येते. तिला वेळ लागतो.

अर्ज कुठे करायचा? ज्या विभागाचे जंगल, त्याच विभागाकडे. फणसाड ठाणे वन्यजीव विभागात येते, त्यामुळे नाशिकच्या वन कार्यालयात खेटे घालून उपयोग नाही. साध्या कागदावर तारीख, वेळ, कोणती वाट, किती माणसे आणि गटप्रमुखाचा मोबाइल नंबर लिहा. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात शिलोंडासारख्या वाटेवर परवानगी आणि सोबत मार्गदर्शक लागतो, त्यासाठी तिथल्या निसर्ग माहिती केंद्राशी आधी बोला. सोमवारी उद्यान बंद असते. वाटा सकाळी लवकर सुरू होतात. सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने निघून त्या गाठता येत नाहीत, आदल्या दिवशीच मुंबईत पोहोचा.

कागदपत्रे: प्रत्येकाचे आधार किंवा दुसरे फोटो ओळखपत्र, नाव-वयासह यादीच्या दोन प्रती, गाडीचा नंबर. शाळेची सहल असेल तर मुख्याध्यापकांचे लेटरहेडवरचे पत्र आणि सोबतच्या शिक्षकांची नावे. यादी जपून करा. एकदा आमच्या यादीत 18 नावे होती आणि ऐनवेळी 22 जण आले. चौघांना दिवसभर दाराबाहेर बसावे लागले, त्यात एक शाळकरी मुलगी होती. ते अजून मनाला लागून आहे. कॅमेऱ्याचे शुल्क वेगळे पडते आणि ड्रोनला स्वतंत्र परवानगी लागते. दर बदलतात, म्हणून दारावरच्या फलकावरचाच दर धरा आणि पावती परत येईपर्यंत जवळ ठेवा.

एवढी खटपट करावी असे फणसाडमध्ये आहे तरी काय? जंजिरा संस्थानचे हे शिकारीचे राखीव रान 1986 मध्ये अभयारण्य झाले. समुद्र इतका जवळ, तरी आत दाट झाडी, गारंबीच्या मनगटाएवढ्या वेली आणि उन्हाळ्यातही पाणी धरणारी 'गाणी'. पाणवठ्याला तिथे गाण म्हणतात: फणसाड गाण, चिखलगाण. पहाटे गाणाजवळ न बोलता बसलात तर फांदीवरून उतरणारा शेकरू दिसतो. आपल्या सह्याद्रीत उघड्या कातळावर चालणाऱ्याला ही सावली नवीन वाटते.

सुपेगावच्या बाजूने आत जाताना सॅक तपासली जाऊ शकते. काडेपेटी, स्टोव्ह, फटाके घरीच ठेवा; कलम 30 प्रमाणे आग लावणे किंवा पेटती ठेवणे गुन्हा आहे. स्पीकरही नको. कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी मात्र प्रत्येकाच्या सॅकमध्ये असू द्या.