दडलेला डायलॉग बॉक्स

प्रोग्रामला काहीतरी विचारायचं असतं, त्यासाठी तो छोटी विंडो उघडतो, ती दुसऱ्या विंडोच्या खाली जाते आणि तिला उत्तर मिळेपर्यंत मुख्य विंडो एकही क्लिक घेत नाही, या अवस्थेला इथे दडलेला डायलॉग बॉक्स म्हटलंय. पुस्तकी मराठीत संवाद चौकट, बोलताना डायलॉग बॉक्स किंवा पॉपअप. पॉपअप हा शब्द जाहिरातींच्या विंडोंनाही चिकटलाय म्हणून या नोंदीत टाळलाय. उत्तर दिल्याशिवाय पुढे जाऊ न देणाऱ्या बॉक्सला मोडल म्हणतात, शोध-आणि-बदला सारखा बाजूला उघडा ठेवून काम करता येतो तो मोडलेस. दडल्यावर त्रास होतो तो जवळजवळ नेहमी मोडलचाच.

ओळखायचं कसं? सेव्ह दाबलं, काही झालं नाही. परत दाबलं तर 'टंग' असा आवाज. मेनू उघडत नाही, टाइप होत नाही, कोपऱ्यातला क्रॉसही दाबला जात नाही, पण विंडो पांढरट पडत नाही आणि टायटल बारवर 'नॉट रिस्पॉन्डिंग' सुद्धा येत नाही. इथेच बरेच जण कॉम्प्युटर हँग झाला समजून टास्क मॅनेजरमधून प्रोग्राम मारतात आणि न सेव्ह केलेलं काम घालवून बसतात. विंडोज एखाद्या प्रोग्रामला हँग धरतं ते त्याने साधारण ५ सेकंद एकही मेसेज, म्हणजे क्लिक, कळ वगैरेची सिस्टिमकडून आलेली सूचना, उचलला नाही तर. डायलॉग बॉक्स उघडा असताना त्याचा स्वतःचा मेसेज लूप, म्हणजे मेसेज उचलत राहणारं चक्र, फिरत असतो, त्यामुळे सिस्टिमच्या लेखी प्रोग्राम ठणठणीत असतो, फक्त मुख्य विंडो मुद्दाम डिसेबल केलेली असते. तो 'टंग' म्हणजे डिसेबल विंडोवर क्लिक केल्याची पावती. एक अपवाद लक्षात ठेवायचा : एक प्रोग्राम दुसऱ्याकडून काम करून घेत असेल, उदा. एखाद्या सॉफ्टवेअरने आतल्या आत एक्सेल उघडलंय आणि एक्सेलने कुठेतरी मागे प्रश्न विचारलाय, तर विचारणारा वेगळा आणि अडकलेला वेगळा असतो, तेव्हा नॉट रिस्पॉन्डिंगही दिसू शकतं.

याचं मूळ कुठे धरायचं यावर दोन बाजू आहेत. एक बाजू मोडकडे बोट दाखवते, मोडल बॉक्स हाही एक मोडच. मोड म्हणजे तीच कळ वेगवेगळ्या वेळी वेगळं काम करते ती अवस्था, आणि १९७० च्या दशकात झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत यावर बराच खल झाला. तिथल्या ब्राव्हो या एडिटरचा किस्सा नेहमी सांगतात : कमांड मोडमध्ये आहोत हे विसरून कोणी 'एडिट' हा शब्द टाइप केला तर ई ने सगळा मजकूर सिलेक्ट, डी ने डिलीट, आय ने इन्सर्ट, आणि उरलेला टी एकटा कागदावर. तिथलेच लॅरी टेस्लर मोडविरोधासाठी प्रसिद्ध, त्यांनी गाडीच्या नंबर प्लेटवरसुद्धा 'नो मोड्स' लावून घेतलं होतं. दुसरी बाजू म्हणते की मोड जुनाच, पण लपायला जागा मिळाली ती एकावर एक चढणाऱ्या विंडोंमुळे. ही कल्पनाही पार्कमधलीच, स्मॉलटॉक या प्रोग्रामिंग भाषेच्या गटातली, साधारण १९७० च्या दशकाच्या मध्यावरची, आणि बाजारात ती १९८३ च्या ॲपल लिसा, १९८४ च्या मॅकिंटॉशबरोबर पसरली. दुसरी बाजू जास्त पटण्यासारखी आहे, कारण विंडोज १.० चं उदाहरण : नोव्हेंबर १९८५ च्या त्या आवृत्तीत मुख्य विंडो फरशीसारख्या शेजारी शेजारी लागायच्या, एकमेकांवर चढायच्या नाहीत, चढायची परवानगी होती ती फक्त डायलॉग बॉक्सना. मोडल बॉक्स होतेच, पण त्यांना झाकणारं कोणी नव्हतं. १९८७ च्या विंडोज २.० मध्ये सगळ्याच विंडो चढायला लागल्या आणि लपाछपी सुरू झाली.

आता आतलं कारण. विंडोजमध्ये दोन नाती असतात, पॅरेंट आणि ओनर, आणि गोंधळ असा की विंडो तयार करणाऱ्या फंक्शनमध्ये दोन्हीसाठी जागा एकच आणि तिचं नाव पॅरेंट. चाइल्ड विंडो पॅरेंटच्या चौकटीबाहेर जात नाही, जसं फॉर्ममधलं बटण. डायलॉग बॉक्स मात्र स्वतंत्र विंडो असतो, त्याला ओनर असतो, आणि ओनर दिलेला असेल तर तो कायम ओनरच्या वर राहतो, ओनर मिनिमाइझ झाला की त्याच्याबरोबर लपतो, ओनर बंद झाला की जातो. म्हणजे ओनर नीट दिला असेल तर डायलॉग बॉक्स आपल्याच मुख्य विंडोच्या मागे जाऊच शकत नाही. तो जातो याचा अर्थ बहुतेक वेळा प्रोग्राम लिहिणाऱ्याने मेसेजबॉक्स हे बॉक्स दाखवणारं फंक्शन बोलावताना ओनरच्या जागी नल, म्हणजे 'कोणी नाही', टाकलंय. विंडो बनवायच्या इतर साधनांतही तेच : जावा भाषेच्या स्विंगमध्ये जेऑप्शनपेन या तयार बॉक्सला नल दिलं की तीच गोष्ट, मायक्रोसॉफ्टच्या डब्ल्यूपीएफमध्ये ओनर प्रॉपर्टी भरायची राहिली की तीच. सगळ्यात त्रासदायक म्हणजे बॅकग्राउंड थ्रेडवरून, म्हणजे प्रोग्रामच्या मागे समांतर चाललेल्या कामातून, टाकलेला बॉक्स, लिहिणाऱ्याच्या मशीनवर तो दर वेळी समोर येतो कारण तिथे दुसरं काही उघडंच नसतं.

काही जण मात्र दोष सिस्टिमला देतात, आणि त्यातही तथ्य आहे. पूर्वी कुठलाही प्रोग्राम कधीही स्वतःला पुढे आणू शकायचा, आपण पत्र टाइप करतोय, मध्येच बॉक्स आला, स्पेसबार बसला आणि 'हो, डिलीट करा' दाबलं गेलं. हे थांबवायला विंडोज ९८ आणि २००० पासून विंडो पुढे आणणाऱ्या सेटफोरग्राउंडविंडो या फंक्शनवर बंधनं आली : वापरणारा दुसरीकडे काम करत असेल तर मागचा प्रोग्राम फोकस, म्हणजे कळा ज्या विंडोत जातात तो ताबा, हिसकावू शकत नाही, त्याचं टास्कबारवरचं बटण फक्त लुकलुकतं. त्यासाठीचं रजिस्ट्रीतलं (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यातलं) फोरग्राउंडलॉकटाइमआउट हे मूल्य मुळात २,००,००० मिलिसेकंद, म्हणजे २०० सेकंद असतं. ते शून्य करा असा सल्ला सर्रास दिला जातो. करू नये, एक बॉक्स सापडावा म्हणून सगळ्या प्रोग्रामना कळफलकावर झडप घालायची मोकळीक कशाला द्यायची. आणि फोकसचा नियम फार तर बॉक्स परक्या विंडोखाली का राहिला ते सांगतो, आपल्याच मुख्य विंडोखाली कसा गेला याचं उत्तर ओनरमध्येच सापडतं.

शोधायचं म्हटलं की पहिला हात ऑल्ट+टॅब वर जातो, आणि बहुतेकदा तेवढ्यात काम होतं. नाही झालं तर टास्कबारवर त्या प्रोग्रामच्या बटणावर माउस नेऊन थंबनेल मोजायची, विंडो एक आणि थंबनेल दोन असतील तर दुसरं तेच. ऑल्ट+एस्केप कमी लोकांना माहीत असतं, ते वरची विंडो उचलून तळाला टाकतं, पत्त्यांसारखं एकेक पान काढत खाली जाता येतं. पण खरी गंमत विंडोज+एम आणि विंडोज+डी मधल्या फरकात आहे. दोन्ही एकच समजतात, तसं नाही. डी सगळं झाकून डेस्कटॉप दाखवतो, बॉक्ससकट. एम फक्त मिनिमाइझ होऊ शकणाऱ्या विंडोच खाली घालतो, आणि डायलॉग बॉक्सला मिनिमाइझचं बटणच नसतं, त्यामुळे सगळा पसारा खाली बसतो आणि मध्ये तो एकटा बॉक्स उघडा पडतो. या नोंदीच्या लेखकाने एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरपुढे पाऊण तास काढलाय, विंडोज+एम दाबल्यावर खाली 'प्रिंटरमध्ये कागद नाही, पुन्हा प्रयत्न करू?' विचारत बॉक्स बसलेला होता.

न दिसणाऱ्या बॉक्सला अंदाजाने एंटर मारू नये, डिफॉल्ट बटण कुठलं आहे ते आपल्याला माहीत नसतं. एस्केप त्यातल्या त्यात बरा, बहुतेक ठिकाणी तो कॅन्सल असतो. ऑल्ट+एफ४ फोकस कुठे आहे त्यावर अवलंबून, चुकलं तर भलतंच बंद होतं. टास्क मॅनेजरमध्ये प्रोग्रामच्या नावापुढचा बाण उघडला तर त्याच्या विंडो सुट्या दिसतात, त्यावर राइट क्लिक करून 'ब्रिंग टू फ्रंट' करता येतं. दोन प्रोग्राम एकमेकांत अडकले असतील तर डिटेल्स टॅबमधलं 'ॲनालाइझ वेट चेन' कोण कोणासाठी थांबलंय ते सांगतं.

दुसरा मॉनिटर काढून ठेवला की अजून एक प्रकार होतो, बॉक्स मागे नसतो, पडद्याच्या बाहेर असतो, कारण प्रोग्रामने जुनी जागा लक्षात ठेवलेली असते. ऑल्ट+टॅब ने तो निवडायचा, ऑल्ट+स्पेस, मग एम, मग एखादी बाणाची कळ, आणि माउस हलवला की बॉक्स माउसला चिकटून येतो. विंडोज+शिफ्ट+डावा किंवा उजवा बाण हा सोपा पर्याय, मॉनिटर अजून जोडलेला असेल तर.

मॅकवर हा त्रास कमी, कारण २००१ च्या मॅक ओएस एक्सने शीट आणली, म्हणजे बॉक्स त्या विंडोलाच बांधलेला असतो (पूर्वी तो टायटल बारला चिकटून खाली उतरायचा), सुटून जाणारच कुठे. तरी सुटे बॉक्स असतात, डॉकमधलं चिन्ह उड्या मारतं, कंट्रोल+खालचा बाण दाबला की त्या ॲपच्या सगळ्या विंडो पसरून दिसतात. लिनक्सवर एक्स११ या जुन्या विंडो व्यवस्थेत ओनरचं काम 'ट्रान्झिएंट फॉर' ही खूण करते, ती पाळायची की नाही हे विंडो मांडणाऱ्या प्रोग्रामवर, म्हणजे विंडो मॅनेजरवर. केडीई या लिनक्सच्या डेस्कटॉपमध्ये फोकस चोरी रोखण्याच्या पायऱ्या सेटिंगमधून निवडता येतात. वेलँड या नव्या व्यवस्थेत ॲपला स्वतःहून पुढे येताच येत नाही, फोकस असलेल्या ॲपकडून टोकन, म्हणजे परवानगीची खूण, घ्यावं लागतं. स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम) वापरणाऱ्यांना मात्र सगळीकडे सारखाच फटका, बॉक्सला फोकसच मिळाला नाही तर रीडर काहीच बोलत नाही.

काही बॉक्स कुठल्याच विंडोमागे सापडत नाहीत. विंडोज व्हिस्टापासून सर्व्हिसेस, म्हणजे पडद्यामागे चालणारे प्रोग्राम, सेशन शून्य या वेगळ्या जागेत चालतात, तिथे उघडलेला बॉक्स आपल्या डेस्कटॉपवर येतच नाही. तिकडे डोकावायची एक सोय होती, विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीत तीही काढली, त्यामुळे अशा वेळी सर्व्हिस थांबवून तिचा लॉग, म्हणजे तिने केलेल्या नोंदी, बघायचा.